आखातीची टोपली, जमिनीतला आवाज आणि भविष्य सांगणारे यंत्र

चैत्र सरत आला की नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बांबूची एक टोपली झाकून ठेवतात. तळाशी माती आणि मातीत भात, नागली, उडीद, तूर अशा घरच्याच बियाण्याचे मूठ-मूठ दाणे. रोज थोडे पाणी शिंपडायचे, ऊन मात्र लागू द्यायचे नाही. आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टोपली बाहेर येते तेव्हा उजेड न मिळाल्याने पिवळीधमक झालेली रोपे वीतभर वाढलेली असतात. हीच गौराई. बायका तिची पूजा करतात, गाणी म्हणत तिला ओहोळावर नेतात आणि बोळवतात. त्याआधी घरातली जाणती माणसे टोपलीत वाकून पाहतात. भात दाट आला का? नागली विरळ का राहिली? उडदाने दगा दिला का? येणारे साल कसे जाईल, याचा पहिला अंदाज तिथे बांधला जातो.

यात श्रद्धा आहे, तशी एक चोख चाचणीही आहे. खरिपाच्या तोंडावर कृषी खाते सांगते, घरचे बियाणे पेरणार असाल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि किती उगवले ते मोजा. गौराईची टोपली वेगळे काही करत नाही. कोणते बियाणे जिवंत आहे आणि कोणते किडीने किंवा ओलीने गेले, याचे उत्तर तिच्याकडे असते, कारण ते बियाणे प्रत्यक्ष तिच्यात पेरलेले असते. पण तीच टोपली पाहून कोणी म्हणाले की यंदा मृग भरपूर बरसेल आणि आश्लेषा कोरड्या जातील, तर ती वेगळी गोष्ट झाली. पाऊस टोपलीत पेरलेला नसतो.

एकाच टोपलीतून निघणाऱ्या या दोन भाकितांतला फरक फार मोलाचा आहे. गूढ घटना, कालप्रवास आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे भविष्य हे तिन्ही विषय हल्ली मोबाइलवर एकाच दमात कानावर पडतात. भुताचा व्हिडिओ संपतो तोच भविष्यातून आलेल्या माणसाचा सुरू होतो आणि त्यापाठोपाठ यंत्रे माणसाला गुलाम करणार असल्याचा. ऐकणारा भांबावून जातो. अशा वेळी टोपलीपाशी विचारायचा प्रश्न सगळीकडे विचारता येतो: उत्तर देणाऱ्याकडे या प्रश्नाचे बियाणे आहे का?

हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा अगदी पद्धतशीरपणे विचारला गेला. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, दोनशे कुंडल्या मांडल्या आणि त्या सरमिसळ करून ठेवल्या. ज्योतिषांना आवाहन केले, की प्रत्येकी चाळीस कुंडल्या घ्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली एवढेच सांगा. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आल्या तर यश मानायचे, हेही आधीच ठरले होते. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत जास्त बरोबर उत्तरे २४ निघाली. सरासरी यश ४६ टक्के. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, त्यातल्या १०२ बरोबर आल्या. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी एवढीच बरोबर आली असती.

या चाचणीत निकालापेक्षा तिची बांधणी शिकण्यासारखी आहे. उत्तरे आधी कुलूपबंद केली होती. यश कशाला म्हणायचे हे निकाल लागण्यापूर्वी ठरले होते. चुकलेली उत्तरेही बरोबर उत्तरांइतक्याच काळजीने मोजली गेली. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला दर अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचे भाकीत ऐकायला लांबलांबून शेतकरी जमतात. भाकीत खरे ठरले की वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी राहते आणि चुकले की पुढच्या आखातीपर्यंत विसरले जाते. म्हणून कोणत्याही भाकिताचा खरेखोटेपणा ठरवायला आधी एक वही लागते. त्या वहीत चुकांसाठीही रकाना हवा.

आता पेठकडे वळू. नाशिकहून निघाल्यावर सावळघाट आणि कोटंबी घाट उतरून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पेठ लागते. पुढे रस्ता गुजरातेत शिरतो. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या घरात होती. त्यात कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजाचे लोक सर्वाधिक. वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो उतारावरून दमणगंगेच्या वाटेने समुद्राला मिळतो आणि होळी सरली की बाया हंडे घेऊन झरे शोधू लागतात. पायाखालचा खडक काळा कातळ आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्यांतलाच हा भाग. घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यावर हे थर एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे दिसतात.

या कातळातून अधूनमधून आवाज येतो. पेठ, सुरगाणा आणि कळवण या पट्ट्यातल्या गावांना तो ओळखीचा आहे. कळवण तालुक्यातल्या दळवट परिसराचे नाव तर सौम्य धक्क्यांसाठी वर्षानुवर्षे घेतले जाते. रात्री सारे निजलेले असताना लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा दबका धमाका होतो, कधी जमिनीखालून गाडी गेल्यासारखी घरघर येते. फळीवरची भांडी किणकिणतात, कुत्री भुंकायला लागतात आणि लोक अंगणात येऊन उभे राहतात. सकाळी प्रत्येकाचे मत निराळे. कोणी खाणीचे नाव घेतो, कोणी धरणाचे, तर कोणी ज्वालामुखी जागा होतोय म्हणतो.

ज्वालामुखीची भीती सोडून द्यायला हरकत नाही. इथला लाव्हा थिजून कोट्यवधी वर्षे झाली. आवाजाचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. जमिनीखाली थोड्याच खोलीवर खडकाची जुनी भेग किंचित सरकली की सर्व दिशांना लहरी जातात. त्यांतल्या जलद लहरी जमिनीच्या पृष्ठभागावर पोचल्या की जमीन ढोलाच्या पानासारखी थरथरते आणि वरची हवा हलवते. सेकंदाला वीसपेक्षा जास्त कंपने असतील तर माणसाच्या कानाला तो आवाज म्हणून ऐकू येतो. मऊ गाळाच्या जमिनीत अशी जलद कंपने वाटेतच विरतात, अखंड कातळातून ती दूरवर जातात. म्हणून कधीकधी धक्का पायाला न जाणवता कानाला ऐकू येतो आणि 'भूकंप नव्हता, नुसता आवाज होता' असे लोक अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

पेठच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडी परिसरात एकामागून एक धक्के बसू लागले. हजारो धक्के नोंदले गेले, त्यांतले सर्वांत मोठे ४ रिश्टरच्या आसपासचे होते. थंडीच्या दिवसांत माणसे लेकराबाळांसह घराबाहेर झोपली, तंबू उभे राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे भूकंपमापक बसवले. एक मोठा धक्का न बसता लहान धक्क्यांची अशी माळ लागते, तिला भूकंपांची मालिका म्हणतात. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तिथला दाब वाढतो आणि ताणलेल्या भेगा सुटतात, असे एक कारण शास्त्रज्ञ मांडतात. पण एखादी मालिका याच गावाखाली याच वर्षी का सुरू झाली आणि कधी थांबेल, हे सांगणारा माणूस जगात नाही. खरे गूढ ते हेच, आणि ते भुताखेतांच्या कथेपेक्षा कितीतरी खोल आहे.

मराठी माणसाला या प्रश्नाची किंमत ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारीच्या परिसरात आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ मध्ये, सौम्य धक्के जाणवले होते. पालघरमध्येही हजारो धक्के जाणवले, पण तिथे मोठा भूकंप झाला नाही. लहान धक्के मोठ्याची वर्दी देत आहेत की नुसतेच येऊन जात आहेत, हे ते येत असताना ओळखता येत नाही. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

मग हे काम यंत्र करील का? प्रयत्न झाले आहेत आणि त्यांची कथा बोलकी आहे. २०१८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जगभरातल्या मोठ्या भूकंपांची माहिती देऊन शिकवलेले एक संगणकीय जाळे नंतरचे धक्के कुठे बसतील हे जुन्या पद्धतीपेक्षा चांगले सांगते, असा त्याचा दावा होता. त्या जाळ्यात तेरा हजारांहून अधिक आकडे जुळवलेले होते. बातमी जगभर गाजली. पुढच्याच वर्षी दोन संशोधकांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिले की शाळेच्या वहीत मावेल अशा साध्या सूत्रात फक्त दोन आकडे जुळवले तरी तितकेच चांगले उत्तर मिळते. यंत्र खोटे बोलले नव्हते. हाती असलेल्या माहितीत जेवढे होते तेवढेच त्याने काढून दिले, आणि ते दोन आकड्यांत मावण्याएवढेच होते.

दुसऱ्या एका कामात मात्र संगणकाने कमाल केली आहे. जुन्या नोंदींच्या गदारोळात बुडालेले बारीक धक्के तो शोधून काढतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २००८ ते २०१७ या दहा वर्षांच्या नोंदी नव्याने चाळल्या तेव्हा १८ लाखांहून अधिक भूकंप सापडले, आधीच्या यादीच्या दसपट. कारण तिथे दहा वर्षे अनेक यंत्रे अखंड नोंद करत होती. ज्या डोंगरात मापकच नाही, तिथला न नोंदलेला धक्का कोणतीही बुद्धिमत्ता मागाहून शोधून देणार नाही.

याच्या उलट, नोंद नीट ठेवली की गूढ किती झटपट उकलते याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. तर्कांना ऊत आला. वनविभागाने पाण्याचे नमुने पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले गुलाबी रंगद्रव्य असलेले, मिठाच्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव दाखवले. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि या जीवांचे फावले. पावसाळ्यात खारटपणा उतरला तसा रंगही ओसरला.

कालप्रवासाचा विषय निघाला की मराठी वाचकाला पुन्हा नारळीकरच आठवतात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्या हस्ताक्षरात पाठवली होती. फलज्योतिषाच्या चाचणीत उत्तरे झाकून ठेवणारा माणूस तीस-पस्तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लेखनाची परीक्षाही नाव झाकूनच देत होता. पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये त्यांनी इतिहासाच्या एका प्राध्यापकाला अशा जगात नेले, जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकले होते. 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन ज्ञानातून बुद्धिमान यंत्रमानव घडतो आणि त्याला आपल्यासारखेच आणखी घडवायचे असतात. आज कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल जी भीती बोलली जाते, ती मराठीत चार दशकांपूर्वीच लिहून झाली आहे. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कथेबाहेर कालप्रवास होतो का? होतो, पण एकाच दिशेने आणि फार थोडा. वेगात असलेल्याचा काळ मंद चालतो, हे आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले. मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३८ मध्ये सुचवले की विश्वकिरणांतल्या अल्पायुषी कणांवर हे तपासता येईल. आकाशात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी जेमतेम २.२ भाग. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही सातशे मीटर पार होत नाहीत, म्हणजे त्यांनी वाटेतच संपायला हवे. तरीही ते खाली येतात. आपल्या घड्याळाने पाहिले तर त्यांचा काळ मंदावलेला असतो, म्हणून ते पोचतात. तळहात आभाळाकडे करून धरला तर साधारण सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो. कोटंबी घाटात बसची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या हातातूनही.

दुसरा पुरावा खिशात असतो. मोबाइलला रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळे दिवसाला सात मायक्रोसेकंद मागे पडतात, तर तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जातात. हिशेब अडतीसचा. तो दुरुस्त केला नाही तर एका दिवसात नकाशावरची जागा दहा किलोमीटरहून जास्त सरकेल आणि पेठच्या बाजारात उभा असलेला माणूस कुठल्या तरी डोंगरात दिसेल.

मागच्या काळात जाऊन काही बदलता येते, याचा पुरावा मात्र कुणाकडे नाही. मागचे नुसते पाहता येते. दिवाळीनंतरच्या अमावास्येला पेठच्या एखाद्या पाड्यावरून डोक्यावर पाहिले तर देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो प्रकाश निघाला तेव्हापासून सुमारे २५ लाख वर्षे लोटली आहेत. नाशिकच्या दिव्यांच्या उजेडात तो हरवतो. पेठच्या अंधारात अजून टिकून आहे.

माणसाच्या भूतकाळात जायला प्रकाश पुरत नाही, तिथे कागद लागतो. १८५७ च्या डिसेंबरात हरसूलचा बाजार लुटला गेला, पेठचा मुलूख उठला आणि इंग्रजांनी पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना फाशी दिली. या प्रसंगाची छापील हकीकत मुख्यतः १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधून पुढे आली, म्हणजे फाशी देणाऱ्यांच्याच कागदांतून. डोंगरातल्या माणसांनी ती घटना कशी पाहिली, हे त्यांच्या गाण्यांत आणि गप्पांत राहिले आणि त्यातले पुष्कळ विरून गेले. आज एखाद्या यंत्राला त्या उठावाबद्दल विचारले तर ते कोणत्या बाजूने बोलेल, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदांनी बरेचसे ठरवून ठेवले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे भविष्य बोलताना ही गोष्ट नजरेआड होते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि माणसाशी माणसासारखे बोलणारे यंत्र घराघरांत पोचले. ही यंत्रे अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधत बोलतात. ज्या विषयावर मजकूर भरपूर असतो तिथे अंदाज चोख येतो. जिथे तो तुटपुंजा असतो तिथेही यंत्र गप्प बसत नाही, जवळपासचे काहीतरी उचलून तितक्याच खात्रीने सांगते. 'पेठ' हाच शब्द घ्या. मराठीत छापलेल्या मजकुरात तो पुण्याच्या सदाशिव, शनिवार, नारायण पेठांसाठी हजारो वेळा येतो आणि नाशिक जिल्ह्यातल्या या तालुक्यासाठी अगदी विरळा. शब्दांच्या गर्दीतून शिकलेल्या यंत्राने डोंगरातली पेठ सोडून पुण्याची वाट धरली तर नवल नाही.

बियाणे चांगले मिळाले तर हीच तंत्रे काय करतात, तेही पाहावे. शरीरातल्या प्रथिनांच्या साखळ्या कशा घड्या घेतात, हे कोडे पन्नास वर्षे सुटले नव्हते. अल्फाफोल्ड या प्रणालीने ते मोठ्या प्रमाणात सोडवले आणि त्यासाठी २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना वाटा मिळाला. अल्फाफोल्ड शिकले ते १९७१ पासून चालवलेल्या एका खुल्या संग्रहावर. जगभरच्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षे एकेका प्रथिनाचा आकार मोजून त्यात भर घातली होती.

पावसाचेही तसेच. नव्या हवामान प्रणाली जुन्या दशकांच्या नोंदींवरून शिकतात आणि दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देतात. २०२५ च्या खरिपापूर्वी केंद्रीय कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना अशा अंदाजाचे संदेश मोबाइलवर पाठवले. त्या वर्षी मॉन्सून मे महिन्यातच आला आणि मग वीसेक दिवस अडखळला. हा खंड अंदाजाने आधी सांगितला होता. याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत घडलेली भारत फोरकास्ट सिस्टीम कामाला लागली. ती देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज देते, आधी हा चौकोन बारा किलोमीटरचा होता. ही मजल मोठी आहे. तरी पेठमध्ये सहा किलोमीटरच्या एका चौकोनात एक डोंगरमाथा, दोन दऱ्या आणि चार पाडे मावतात. माथ्यावरच्या वरईच्या माळावर पाऊस कोसळत असताना खालच्या खाचरात आवण्या पाण्यासाठी खोळंबलेल्या असतात. हा फरक यंत्राला शिकवायचा तर पाड्यापाड्यावर पर्जन्यमापक हवा आणि तो रोज वाचायला हवा.

भाषेचे काम त्याहून तातडीचे आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' नावाचे भाषांतर साधन सुरू केले. सुरुवातीला त्यात संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी घेतल्या. पेठच्या घराघरांत बोलली जाणारी कोकणा बोली त्या पहिल्या चारांत नव्हती. दवाखान्यात आलेल्या आजीला दुखणे सांगायचे असते ते याच बोलीत, आणि सर्पदंश झालेल्या पोराला भगताकडे न्यायचे की ग्रामीण रुग्णालयात, याची बोलणीही याच बोलीत होतात. उद्याचे यंत्र त्या आजीला उत्तर देणार असेल तर आज कुणीतरी पाड्यावर बसून ही बोली ध्वनिमुद्रित केली पाहिजे, तिथल्या माणसांच्या संमतीने आणि त्यांचे नाव राखून. शिकलेली तरुण मुले-मुली तालुक्यात आहेत, त्यांच्या हातात मोबाइल आहे. त्यांना या कामाचा मोबदला मिळायला हवा.

जमिनीतल्या आवाजाची नोंद तर आजच करता येते, त्यासाठी यंत्राचीही वाट पाहायला नको. भूकंपाची तीव्रता मोजण्याची जुनी श्रेणी माणसांनी सांगितलेल्या अनुभवांवरच बांधलेली आहे: टांगलेला दिवा हलला का, भांडी वाजली का, झोपलेला माणूस जागा झाला का, भिंतीला चीर पडली का. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे मेरीत, भूकंपमापकांवर धक्क्यांची नोंद होते. गावातल्या वहीतली वेळ मापकावरच्या वेळेशी ताडून पाहिली तर कानाने ऐकलेला धमाका भूकंपाचा होता की खाणीतल्या सुरुंगाचा, हे ठरवता येते. सुरुंग बहुधा दिवसा, कामाच्या वेळी उडतात. भेगा वेळ पाहून सरकत नाहीत. एका गावाने वर्षभर लिहिलेली अशी वही आणि शेजारच्या दहा गावांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर आवाज कोणत्या डोंगराकडून जास्त येतो, पावसाळ्यानंतर वाढतो का, हेही दिसू लागेल.

शाळेच्या भिंतीवरचे घड्याळ मोबाइलच्या वेळेशी लावून घ्यायचे. आवाज आला की आधी वेळ लिहायची, मिनिटासकट. मग तो कोणत्या दिशेने आला, किती सेकंद टिकला, एकच धमाका होता की मागोमाग घरघर. घरात किती जण जागे झाले. फळीवरची भांडी वाजली का, हंड्यातल्या पाण्यावर तरंग उठले का. आणि ज्या रात्री काहीच ऐकू आले नाही, त्या तारखेपुढे 'नाही' असे लिहायचे.